रेकॉर्ड ऐकायच्या आधी वाचायची कशी? बाजारात सापडलेल्या चार तबकड्या

आजचा एपिसोड गाण्यांवर आहे, पण गाणं जरा उशिरा येईल. आधी तबकडी हातात घ्यायची, उलटीपालटी करायची, आणि वाचायची. हो, वाचायची. गेल्या काही महिन्यांत पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि एक-दोन छोटी दुकानं इथून माझ्याकडे बऱ्याच रेकॉर्ड्स आल्या. त्यांतल्या चार आज सांगतो. चारही मिळून एका बऱ्या हेडफोनच्या किमतीत बसतात, त्यामुळे ‘हा श्रीमंतांचा छंद आहे’ हे डोक्यातून काढा.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. ‘व्हिनिलचा आवाज किती वॉर्म असतो’ ही चर्चा मी करणार नाही. मी बीटेकवाला माणूस आहे. नॉइज, डिस्टॉर्शन, डायनॅमिक रेंज, काहीही मोजा, सीडी पुढे आहे. विषय संपला. मग जुन्या रेकॉर्ड्स कशासाठी? तर अ‍ॅपवर गाणं मिळतं, पण त्या गाण्याची माहिती बऱ्याचदा गायब असते. नव्वद वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण असतं आणि खाली साल दिसतं ते कुठल्यातरी संकलनाचं. गायक कोण ते असतं, पण ऑर्गन कोणी वाजवला, मूळ तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काय होतं, काही नाही. आणि खूप गाणी तर अ‍ॅपवर आलेलीच नाहीत. ती फक्त तबकडीत आहेत, आणि तबकड्या रोज कुठल्यातरी घराच्या आवराआवरीत भंगारात जातायत. आजोबांची खोली रिकामी झाली की कपाटाला गिऱ्हाईक मिळतं, पितळेच्या भांड्यांना मिळतं. रेकॉर्ड्सचा गठ्ठा मात्र ‘हे पण घेऊन जा’ म्हणून वर ठेवला जातो.

तर बाजार. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजाराची मटन स्ट्रीट शुक्रवारी बंद असते, पण शुक्रवारीच सकाळी लवकर रस्त्यावर जुमा बाजार लागतो, त्याची मजा वेगळी. सोबत न्यायच्या गोष्टी दोनच: मोबाइलचा टॉर्च आणि एक मऊ कपडा. टॉर्च तबकडीवर सरळ पाडायचा नाही, तिरका पाडायचा. सरळ प्रकाशात सगळ्या रेकॉर्ड्स काळ्या आणि चकाचक दिसतात. तिरक्या प्रकाशात चरे उठून दिसतात. चरा दिसला की त्यावरून हलकेच नख फिरवा. नखाला लागला तर सुई तिथे उडी मारणार. नुसता डोळ्याला दिसतोय, नखाला लागत नाही, तर टिकटिक येईल पण गाणं चालू राहील.

मग मधलं भोक बघा. भोकाभोवतीच्या लेबलवर केसासारख्या बारीक रेषा असतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. तबकडी लावताना मधला दांडा अंदाजाने शोधला जातो, तेव्हा कागदावर ओरखडे उठतात. म्हणजे ही किती वेळा वाजली याचा तो लॉग आहे. विकणारे काका ‘एकदम नवी आहे, वाजलेलीच नाही’ म्हणत असतील तर काही बोलू नका, फक्त भोक बघा.

पांढुरके डाग दिसले तर घाबरायचं नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात रेकॉर्डला बुरशी लागतेच. कपड्याने पुसलं जातंय का पाहा. पुसलं गेलं तर बुरशी. नाही गेलं आणि खाचांचा रंगच राखाडी झालाय, तर ती झीज, तिला इलाज नाही.

आता पहिली तबकडी. ‘शोले’. पण गाण्यांची नाही, संवादांची.

अनेकांना हे माहीतच नसतं की सिनेमाच्या संवादांची एलपी निघायची. ‘शोले’ १९७५चा. त्या वेळी घरात व्हिडिओ नाही, टीव्ही मोजक्या घरांत. सिनेमा आवडला तर परत थिएटरला जायचं, नाहीतर आठवायचं. मग पॉलिडोरने आर. डी. बर्मनच्या गाण्यांशिवाय संवादांची वेगळी रेकॉर्ड काढली आणि ती तुफान चालली. सलीम-जावेदचं लेखन आणि अमजद खानचा आवाज लोकांना तोंडपाठ आहे त्यात या तबकडीचा मोठा हात आहे. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मंडपात लाउडस्पीकरवर ती वाजायची. आजच्या भाषेत सांगायचं तर लोक सिनेमा पॉडकास्टसारखा ऐकत होते!

ही रेकॉर्ड दुर्मिळ नाही. खूप विकली गेली, म्हणून खूप सापडते, आणि खूप वाजली म्हणून बहुतेक प्रती घासलेल्या असतात. मी दोनशे रुपये दिले. त्याहून फार जास्त कोणी सांगत असेल तर ‘शोले’च्या नावाचे पैसे मागतोय असं समजा. मला तिचा उपयोग वेगळाच झाला: एलपीच्या आतल्या कडेला काय होतं ते इथे स्पष्ट ऐकू येतं.

बघा, एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे मारते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेच. पण बाहेरच्या कडेचा घेर मोठा आणि आतला लहान. हिशोब केला तर बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर लांबी सरकते, आणि लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे तोच एक सेकंदाचा आवाज अडीचपट कमी जागेत कोंबलेला असतो. परिणाम? ‘स’, ‘श’, ‘च’ असे तीक्ष्ण आवाज आत जाता जाता फुटायला लागतात. संवादांच्या रेकॉर्डमध्ये नुसती माणसाची वाणी असल्यामुळे हे लगेच कळतं. म्हणूनच जुनी एलपी दुकानात वाजवून बघता आली तर पहिलं गाणं ऐकू नका. सुई थेट शेवटच्या गाण्यावर ठेवायला सांगा. ते नीट वाजलं तर बाकीची बाजू नीटच असते.

दुसरी तबकडी छोटी, सात इंची. ईपी. ४५ फेऱ्यांवर चालते, एका बाजूला दोन, अशी एकूण चार गाणी. माझ्या हाताला लागली ती सुलोचना चव्हाणांच्या लावण्यांची. कव्हर फाटकं, पण त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं: ‘सप्रेम भेट’, आणि खाली १९७१ मधली मे महिन्यातली तारीख. नाव पाण्याने पुसलं गेलंय. लग्नाचा आहेर असणार, मे महिना आहे. लावण्यांची रेकॉर्ड आहेर म्हणून देणारा तो मित्र कोण असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो.

पण त्या तारखेचा खरा उपयोग वेगळा. जुन्या रेकॉर्डवर छापलेलं साल नेहमी असतंच असं नाही. मग प्रती कधीच्या हे कसं ठरवायचं? असल्या खुणांवरून. १९७१ला कोणी भेट दिली म्हणजे ही प्रत त्याआधी किंवा त्याच वर्षी छापली गेली, वरची मर्यादा मिळाली. दुकानाचा शिक्का असेल तर ती कुठल्या गावात विकली गेली ते कळतं. त्यामुळे कव्हरवर लिहिलेलं असलं की बरेच लोक ‘खराब आहे’ म्हणून बाजूला ठेवतात, मी तीच आधी उचलतो. आणि कव्हरातून तबकडी बाहेर काढून लेबल जुळतंय ना, एवढं मात्र बघाच. अर्ध्या वेळा आत भलतंच निघतं.

लेबलवर आणखी काय असतं? बहुतेक मराठी रेकॉर्ड्सवर तुम्हाला ‘डमडम’ दिसेल. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला होता; त्याआधीचा, १९०८चा, सियालदहला. म्हणजे लावणी इकडे गायली जायची, आणि तबकडी तिकडे कलकत्त्याला छापली जाऊन रेल्वेने परत इकडच्या दुकानात यायची. हीच ग्रामोफोन कंपनी, आपण जिला सरसकट एचएमव्ही म्हणतो, ती आताची सारेगामा. लेबलवर नंबर असतो आणि नंबराआधी अक्षरं असतात. एलपी घेताना ‘ईसीएलपी’ दिसलं तर ती मोनो आणि ‘ईसीएसडी’ दिसलं तर स्टिरिओ, एवढं लक्षात ठेवा. स्टिरिओ म्हणजे चांगलं असं मात्र समजू नका. जुनं मोनो ध्वनिमुद्रण नंतर यंत्राने ताणून दोन बाजूंत वाटलेल्या ‘स्टिरिओ’ आवृत्त्याही निघाल्या. गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी जुनी मोनो प्रत मिळत असेल तर डोळे झाकून ती घ्यावी.

आता तिसरी. हिच्यासाठी जरा थांबतो, कारण इथे विनाइल संपतं आणि लाख सुरू होते.

जुन्या बाजारात एका पथारीवर बाटल्या, नळ आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या खाली सात-आठ जाड तबकड्या होत्या. “काका, या कितीला?” “घ्या शंभराला तीन, पण तुटल्या तर मला सांगायचं नाही.” खरं बोलले. ७८ फेऱ्यांची तबकडी ही प्लॅस्टिकची नसते. ती लाखेची असते. हो, बांगड्यांची असते तीच लाख, किड्याच्या स्रावापासून मिळणारी. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून दाबलेली. जगभरच्या रेकॉर्ड्सना लागणारी बरीचशी लाख आपल्याकडून जायची. वजनदार, कडक, आणि हातातून पडली की बशीसारखे तुकडे.

यावरून महत्त्वाची सूचना. यूट्यूबवर रेकॉर्ड साफ करायचे व्हिडिओ बघाल, त्यात अल्कोहोल वापरतात. एलपीला एक वेळ चालेल. ७८च्या तबकडीला चुकूनही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार स्पिरिटमध्ये लाख घालूनच पॉलिश करतात ना, तेच. खाचा डोळ्यांदेखत गुळगुळीत होतील. डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कपडा, लेबल कोरडं ठेवायचं, आणि लगेच पुसून घ्यायचं.

तर त्या तीनपैकी एका तबकडीवर, ग्रामोफोनसमोर बसलेल्या कुत्र्याच्या पुसट चित्राखाली, बालगंधर्वांचं नाव होतं. ‘स्वयंवर’मधलं पद.

ही सापडल्यावर मला एवढा आनंद का झाला ते सांगतो. ‘संगीत स्वयंवर’ १९१६चं. लेखन कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. भास्करबुवा म्हणजे त्या काळातले फार मोठे गवई, बालगंधर्वांचे गुरू. आणि भास्करबुवांचा आवाज आज कुठेही उपलब्ध नाही. एकही तबकडी नाही. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात सुरू झालं, फ्रेड गेसबर्ग नावाचा माणूस यंत्र घेऊन आला होता आणि गौहर जान गायल्या होत्या. भास्करबुवा १९२२ला गेले. म्हणजे मध्ये वीस वर्षं होती, आणि तरी आवाज राहिला नाही. तेव्हाच्या अनेक बुजुर्गांना ते यंत्र नकोच होतं. अल्लादिया खाँसाहेबांचाही आवाज असाच राहिला नाही.

मग भास्करबुवांचं आपल्याकडे काय उरलं? त्यांनी बांधलेल्या चाली, शिष्याच्या गळ्यातून. ती पस्तीस रुपयांची, कडेला टवका उडालेली तबकडी म्हणजे तेवढं अंतर. गुरू, मग शिष्य, मग सुई.

आता तांत्रिक. पूर्वी गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा, त्या आवाजाच्या जोरानेच मेणावर खाच कोरली जायची. वीज नाही, मायक्रोफोन नाही. त्यामुळे अगदी जुन्या तबकड्यांत गायक ओरडल्यासारखे वाटतात आणि तबल्याचा डग्गा जवळपास ऐकूच येत नाही. १९२५पासून मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण करायचं तंत्र आलं आणि सगळं बदललं. माझी बालगंधर्वांची तबकडी या नंतरच्या काळातली आहे, आवाजातली बारीक हरकत स्वच्छ कळते.

पण वेळ? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं. ज्या माणसाची पदं रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत रात्र संपवायची, त्याला साडेतीन मिनिटांत आटपायचंय! एक सांगतो, ही मर्यादा मला अन्यायाची वाटत नाही. ताना निवडून घेतलेल्या आहेत, एकही फुकट गेलेली नाही. आपण आज तीस सेकंदांच्या रीलला नावं ठेवतो, पण वेळेच्या चौकटीत कलाकाराने विचार करण्याची आपल्याकडची सुरुवात या तबकडीने झाली.

वाजवताना दोन गोष्टी पाळा. एक, सुई. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, ७८ची खाच रुंद म्हणून तिची सुई साधारण ७५ मायक्रॉनची, म्हणजे चौपट. एलपीची बारीक सुई ७८ला लावली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते, जिथे वर्षानुवर्षांचा कचरा आहे, आणि नुसती खरखर ऐकू येते. लोक म्हणतात ‘जुन्या रेकॉर्डचा आवाजच तसा असतो’. नाही, सुई चुकीची आहे. बऱ्याच कार्ट्रिजना ७८ची वेगळी सुई मिळते, ओढून काढायची आणि दुसरी बसवायची, दहा सेकंदांचं काम. उलट बाजूने, एलपी कधीही चावीच्या ग्रामोफोनवर लावू नका. तिथे लोखंडी सुईवर शंभर ग्रॅमच्या वर वजन असतं, आजच्या टर्नटेबलवर दोन ग्रॅम. एका फेरीत एलपी नांगरली जाईल. आणि चोर बाजारात पितळी कर्ण्याचे जे चकचकीत ‘अँटिक’ ग्रामोफोन दिसतात, त्यांतले बरेचसे आजच जोडलेले असतात. दिवाणखान्यात शोभेला ठीक.

दुसरी गोष्ट वेग. ‘७८’ हे नाव आहे, वचन नाही. जुन्या तबकड्या कोणी ७६ला, कोणी ८०ला कोरलेल्या सापडतात. ७८ची तबकडी ७४ने फिरवली तर सूर जवळपास एक पट्टी उतरतो; काळी एकचं गाणं पांढरी एकजवळ येतं आणि गायकाचा आवाज म्हातारा वाटायला लागतो. नाट्यसंगीतात मागे ऑर्गन असतो हे आपलं नशीब. ऑर्गनच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यामुळे षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्येच लोंबकळतोय असं वाटलं तर वेग थोडा हलवून बघायचा. अगदी काटेकोर पद्धत नाही, वाद्यं तेव्हा एकसारखी लावलेली नसत, पण कान जवळपास नेतो.

ज्यांच्या टर्नटेबलला ७८चा वेगच नाही त्यांनी ४५वर वाजवून मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर रेकॉर्ड करावं आणि ऑडॅसिटीमध्ये वेग १.७३३ पट करावा. ७८ भागिले ४५, बस. फक्त एक भानगड आहे. एलपी कोरताना खालचे स्वर दाबतात आणि वरचे चढवतात, दोन्ही टोकांना २० डेसिबलच्या आसपास, म्हणजे खाचा कमी जागेत मावतात आणि खरखर कमी होते. तुमचा फोनो अ‍ॅम्प्लिफायर ते उलटं करून देतो. पण हे प्रमाण ठरलं १९५०च्या दशकात. बालगंधर्वांच्या तबकडीला ते लागूच नाही, आणि वेग बदलला की ते आणखी सरकतं. शक्य असेल तर फोनोची ती दुरुस्ती न लावता कच्चा आवाज घ्या आणि नंतर कानाने जुळवा.

अजून एक फुकटची युक्ती. ७८च्या तबकडीत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. स्टिरिओ कार्ट्रिज मात्र उभी हालचालही पकडते, आणि त्यात असते फक्त धूळ आणि खड्डे. डावा आणि उजवा चॅनल एकत्र करून मोनो केलं की उभी हालचाल एकमेकांना खोडते. एक क्लिक, आणि खरखर बरीच खाली.

‘मग यूट्यूबला टाकू का?’ हा प्रश्न येणारच, म्हणून नियम सांगतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘स्वयंवर’चं बघा: खाडिलकर १९४८ला गेले, भास्करबुवा १९२२ला, तबकडी ६० वर्षांपेक्षा कितीतरी जुनी. तिन्ही कुलपं उघडी. लावण्यांच्या ईपीचं तसं सरळ नाही, तबकडी जुनी असली तरी शब्द आणि चाल कोणाची हे आधी बघावं लागतं. ‘जुनं आहे म्हणजे फुकट आहे’ असं नसतं.

आता चौथी. हिची गोष्ट अजून चालू आहे.

त्याच शंभराला तीनमधली एक. लेबल निम्मं कसरीने खाल्लेलं. जे उरलंय त्यावर इंग्रजीत ‘यंग इंडिया’. हे नाव पाहिलं की थांबायचं. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नावाची मुंबईची देशी कंपनी होती, १९३०च्या दशकात सुरू झालेली, तिचं हे लेबल. स्वदेशीचा काळ. मोठे गायक बहुतेक मोठ्या परदेशी कंपन्यांनी करारात बांधलेले. मग यंग इंडियाने कोणाला गायला लावलं? नवख्यांना. हौशी गायक, शाळा-कॉलेजातली मुलं, स्थानिक मेळ्यांतले कलाकार. यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात एखाद-दोनच तबकड्या केल्या. कंपनी १९५०च्या दशकात बंद पडली. दुसऱ्या कोणी ते सगळं भांडार एलपीवर, मग कॅसेटवर, मग अ‍ॅपवर आणलं नाही. गायब.

पूर्ण गायब मात्र नाही. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संग्राहकांची संस्था आहे. तिचे सुरेश चांदवणकर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, यांनी या लेबलच्या मागे लागून तबकड्या आणि जुने कॅटलॉग जमवले, आणि ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून त्यांचं डिजिटायझेशन झालं. त्यांना ज्या मिळाल्या त्या कुठून मिळाल्या? असल्याच पथाऱ्यांवरून आणि लोकांच्या माळ्यांवरून. पगारी नोकरी सांभाळून केलेलं काम आहे हे. मला तर आपल्या कुठल्याही ओपन सोर्स प्रोजेक्टपेक्षा ते मोठं वाटतं.

माझ्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं, त्यातलं शेवटचं ‘बाई’ तेवढं शिल्लक आहे. गाण्याच्या पहिल्या शब्दाची दोन अक्षरं. पण लेबलभोवती जी गुळगुळीत पट्टी असते, जिथे खाच संपते, तिथे टॉर्च तिरका धरून बघा. कोरलेला नंबर दिसतो. तो मॅट्रिक्स नंबर, साच्याचा नंबर. कागद किडे खातात, कोरलेलं खात नाहीत. हा नंबर म्हणजे डेटाबेसची प्रायमरी की समजा. कॅटलॉगमध्ये तो मिळाला तर नाव, गाणं, साथीदार सगळं मिळू शकतं.

ऐकली. आवाज कोवळा आहे, पंधरा-सोळा वर्षांचा असावा. पेटी आणि तबला. दुसऱ्या ओळीला ताल किंचित सुटतो, ती सावरते आणि पुढे जाते. दुसरा टेक घेणं खर्चाचं असणार, म्हणून तसंच ठेवलंय. मराठी आहे, भक्तिगीत. मी माझ्या आईला ऐकवलं, आईने आजीला फोनवर. आजी म्हणाली, चाल ओळखीची वाटते, पण शब्द नाही.

दोन्ही बाजू डिजिटाइज करून ठेवल्यात, दोन वेगळ्या ड्राइव्हवर. नंबर एका जुन्या संग्राहकांना पाठवलाय, ते कॅटलॉगच्या झेरॉक्समध्ये बघणार आहेत. फाइलचं नाव सध्या ‘यंग इंडिया, बाई, बाजू १’ एवढंच आहे. तुमच्या घरी माळ्यावर जाड, जड, काळ्या तबकड्यांचा गठ्ठा असेल, तर या रविवारी खाली काढा. लेबलचा फोटो घ्या, आणि लेबलभोवतीच्या पट्टीचा वेगळा, टॉर्च तिरका धरून. उभ्या रचून ठेवा, एकावर एक आडव्या नको, खालच्या तडकतात. आणि गॅलरीच्या उन्हात वाळत घालू नका.